मावशी बसली तर गाडी चढते

मावशीला गाडीत बसवायचं तर आधी तिला पटवून द्यावं लागे की ती बसली नाही तर आपलंच काहीतरी अडणार आहे. नुसतं "चल, सोडतो तुला" म्हटलं की संपलं. एकदा भर पावसात ती पिठाचा डबा डोक्यावर घेऊन धारगळच्या हमरस्त्याच्या कडेला उभी होती. छत्रीच्या दोन काड्या मोडलेल्या. गावच्या सरपंचांनी स्वतः गाडी थांबवून दार उघडलं, तर ही म्हणते, "तुमी जावा, माका घाई नाय." घाई नाही म्हणे! डब्याचं झाकण गिरणीतच विसरलेलं आणि पीठ भिजत चाललेलं. घरी पोचेपर्यंत त्याचा गोळा झाला होता. आईनं कपाळावर हात मारून घेतला. मावशीनं मात्र डबा शांतपणे चुलीपाशी ठेवला आणि म्हणाली, "बरा झाला. मळूचो तरास वाचलो."

"आपलो भार आपल्या पायार," हे तिचं ठरलेलं वाक्य. कुणी पिशवी धरायला आलं की हे वाक्य, कुणी हात द्यायला आलं की हेच वाक्य. शेजारच्या एका भल्या माणसानं तिला जवळजवळ पळवून नेल्यासारखं स्कूटरवर बसवून घरी आणलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात ताटभर नीरफणसाचे तळलेले काप हजर. उपकार फिटले, विषय संपला. ते काप इतके फर्मास होते की वाड्यावरचे, म्हणजे आमच्या वस्तीतले, चार-पाच स्कूटरवाले तिच्या वाटेवर उगाच घुटमळू लागले. मग तिनं वाटच बदलली.

आता हा भार नेमका किती, हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. सोसायटीच्या दुकानात तांदळाच्या काट्यावर ती एकदा चढली होती. काटा फिरला, तिनं वाकून पाहिलं, आणि खाली उतरून काट्यालाच "खोटारडो मेलो" म्हणाली. एका लग्नात तिच्याखाली प्लास्टिकची खुर्ची मोडली तेव्हा मुलीच्या बापानं धावत येऊन तिची माफी मागितली, आणि ती तिनं मोठ्या मनानं स्वीकारली. जाड हा शब्द तिला चालत नसे. "मी जाड नाय रे, मी घट्ट आसंय," असं ती म्हणे. आणि खरंच, तिच्या अंगात ढिलं असं काही नव्हतं. जिभेसकट.

ती माझ्या आईची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आमच्याकडे आली ती राहिलीच. पण आश्रिताची म्हणून एक भाकरी तिनं खाल्ली नाही. हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ती भाजीपाव विकायची. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पाव नि गोल उंडे टाकून जाई आणि दहा वाजेपर्यंत पातळ भाजीचं पातेलं रिकामं होई. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि शेड बंद करावी लागली. एके दिवशी पेडण्याच्या बसमध्ये कंडक्टरनं आणि कॉलेजच्या दोन पोरांनी मिळून तिला वर चढवलं. तिनं तिकीट काढलं, पुढच्याच थांब्यावर उतरली, आणि पुन्हा म्हणून बसची पायरी चढली नाही. "तिगांनी धरून चढवक मी काय बाजल आसंय?" असं म्हणून तिनं सोप्यावर बैठक मारली. पाच वर्षं ती त्या सोप्यावरून फारशी उठली नाही.

तिघी बहिणींतली धाकटी, सुमामावशी, शिरगावात दिलेली. तिचं घर एका टेकाडाच्या माथ्यावर, लाल मातीच्या खड्या चढणीच्या टोकाला. सुमामावशीच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं, तिला खाली उतरता येत नसे. आमच्या मावशीला वर चढता येत नसे. दोघींची गाठ पडून आठ वर्षं झाली होती. फोन होता, पण सुमामावशीला एका कानानं ऐकू येत नसे आणि ती नेमका तोच कान फोनला लावी. त्यामुळे संभाषण असं चाले: "सुमा, जेवलंय?" "काय?" "जेवलंय?" "हय पाऊस नाय!" एवढं झालं की दोघी समाधानानं फोन ठेवत. पण एकदा मासे साफ करताना मावशी आईला म्हणाली ते मी ऐकलं. "सुमाक एकदा डोळ्यांनी बघूक व्हयी गो. पण कोणाच्या मानगुटीर बसान जावचंय नाय." मी लगेच जीप ठरवतो म्हणालो. "माझ्यासाठी जीप? मी काय कलेक्टर?" झालं. जीप गेली उडत.

याच सुमारास मी एक गाढवपणा केला. म्हापशाच्या एका निवृत्त गृहस्थाकडून त्यांची जुनी गाडी घेतली. लांब नाक, रुंद कंबर, पुढे हे एवढं इंजीन आणि ताकद मागच्या चाकांना. शौकीन लोक तिला देशी मसल कार म्हणतात. आई तिला "ती म्हस" म्हणायची. पेडण्याच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला म्हैस मिळाली म्हणजे खरं तर खूप झालं. पण मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यात सगळ्या भारी गाड्या जमिनीला पोट टेकवून चाललेल्या. मग माझीच का उंच? तिचं पोट खाली आणायचं असं मी ठरवलं.

धारगळला पाट्यांचा एक म्हातारा मेस्त होता. पाटे म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांवरच्या त्या एकावर एक रचलेल्या लोखंडी कमानी. खनिजाच्या ट्रकांचे पाटे ठोकण्यात त्याची हयात गेलेली. मी गाडी खाली करायची म्हटल्यावर त्यानं विडी विझवली. "जल्मभर बसलेल्यो गाडयो उठयलंय," तो म्हणाला, "आता उबी गाडी बसवक सांगतंस?" मग त्यानं मला समजावलं की मागचे पाटे म्हणजे गाडीचे पाय, पाय कापल्यावर तिनं जोर कशावर लावायचा? मी मान डोलावली आणि काम करून घेतलं. पुढच्या स्प्रिंगा कापल्या, मागचे दोन-दोन पाटे काढले. गाडी दारात आणली. मावशी सोप्यावरून बराच वेळ बघत राहिली आणि काळजीनं म्हणाली, "पोट बिघडलां काय रे हिचां?"

ऐट दोन दिवस टिकली. आमच्याकडे दर शंभर पावलांवर एक हंप. प्रत्येक हंपावर सायलेन्सर असा ओरडे की घराघरांतून माणसं बाहेर येत. तिसऱ्या दिवशी पाऊस पडला आणि आमच्या घराकडच्या चढणीवर गाडी अडली. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली, मग नाचू लागली, डगडगडग, सबंध गाडीला हुडहुडी भरल्यासारखी. लाल चिखलाचा फवारा उडाला तो थेट मागून येणाऱ्या पोदेरावर आणि त्याच्या टोपलीवर. त्या दिवशी वाड्यावर सगळ्यांनी तांबडा पाव खाल्ला.

चढणीवर गाडीतून उतरायचं, हा आमच्याकडचा जुना शिष्टाचार. बैलगाड्या होत्या तेव्हा बैलांना दम लागू नये म्हणून माणसं उतरत. बैल गेले, तरी माणसं उतरतातच. मागे बसलेले माझे दोन मित्र इमानानं उतरले. गाडी आणखीच नाचली. त्यांनी डिकीतून स्टेपनी काढली, मागची चटई काढली, एकानं तर सीटवरची पाण्याची बाटलीही काढून घेतली. जितकी हलकी करावी तितकी गाडी मागे घसरे. एवढ्यात आरडाओरडा ऐकून मावशी काठी टेकत घरातून आली, मला शिव्या द्यायला. दोन सणसणीत दिल्या. तिसरीच्या आधी तिचे गुडघे बोलले. आजूबाजूला बसायला काही नाही. मागचं दार उघडं होतं. ती सीटवर टेकली, सरकली, आणि गाडी इतकी बुटकी की सरळ आत गेली, पाय वर.

मी वैतागून पुन्हा एकदा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडीनं "हूं" केलं आणि शहाण्या बाळासारखी चढू लागली. "उतरय माका! मेल्या, उतरय!" मावशी मागून ओरडतेय, मित्र पुढे धावत टाळ्या वाजवतायत, पोदेर चिखलातून बघतोय. माथ्यावर गाडी थांबली तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की आम्ही वर आलो आहोत. तिला बाहेर काढायला पंधरा मिनिटं लागली. बाहेर आल्यावर तिनं राहिलेली तिसरी शिवी दिली.

मेस्तानं ऐकलं आणि तो मांडीवर थाप मारून हसला. मग उलगडून सांगितलं. "तुझां सगळां वजन पुढे, इंजिनात. मागे काय आसा? वारो. त्यात पाटे कमी केलंस, ते मऊ पडले. जोर लावलंस की पाटो पिळता, सुटता, परत पिळता, म्हणान चाक नाचता. मावशी बसली की अक्सल वरच्या रबराक टेकता. पिळूक जागाच नाय. आणि टायर मातयेत घट्ट बसता. मागच्या सीटीर मधोमध बसय तिका, गाडी झाडारसुद्धा चढतली." मी विचारलं, मावशीच्या जागी दुसरं काय चालेल? "चिरे घाल डिकीत धा-बारा. तां पण चलतला," मेस्त म्हणाला.

चिरे आमच्या परसात ढिगानं पडले होते. मी घरी आलो आणि मावशीला सांगितलं, "चिरे चालत नाहीत, डिकी फुटते म्हणतो मेस्त. माणूसच लागतं. घट्ट माणूस." मी आयुष्यात बऱ्याच थापा मारल्या असतील, पण इतकी चांगली एकही नाही. मावशी पदर खोचून म्हणाली, "म्हंजे, मी नाय तर तुझी गाडी चलना?" "नाही चालत." "मगे आधी कित्या नाय सांगलंस? उद्या खय जावचा आसा?"

त्या दिवसापासून तिनं ही नोकरी धरली. नोकरीच म्हणायची ती. सकाळी आंघोळ करून, अंबाडा बांधून सोप्यावर तयार. "आज ड्युटी आसा?" शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराची ड्युटी, रविवारी हरमलच्या समुद्राची. आत बसणं सोपं होतं, पाठ करून हात सोडायचे की झालं. बाहेर काढताना मी हात ओढी, आई पाठीमागून लोटी आणि मावशी सूचना देई. नेमकी मधोमध बसावी म्हणून तिनं सीटवर खडूनं खूण करून घेतली होती. चढण आली की ती दोन्ही हात मांड्यांवर दाबून श्वास भरून घेई आणि ओरडे, "बसलंय! हाण!" श्वासानं वजन वाढतं यावर तिचा ठाम विश्वास होता, आणि मीही तो कधी मोडायला गेलो नाही.

कामात तिची कसूर म्हणून नव्हती. सोमवारचा उपास तिनं सोडला. देवाला सांगितलं म्हणे, की पोराच्या गाडीचा प्रश्न आहे, समजून घे. डॉक्टरांनी वजन उतरवा म्हटलं तर त्यांनाच ऐकवलं, "उतरयन, पण मगे हेच्या गाडयेचां तुमी बघा." कोलवाळच्या पुलापाशी एका पोलिसानं गाडी अडवली, वाकून मागे बघितलं आणि मागे बसलेल्या पॅसेंजरनं पट्टा का लावला नाही म्हणून विचारलं. पट्टा तिला पुरत नसे. पण मावशीनं ते कारण दिलं नाही. "मी पॅसेंजर न्हय," ती कडकपणे म्हणाली, "मी गाडयेचो पार्ट." पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं हातानंच जा म्हटलं.

दोन महिने असे गेले. मग एका रविवारी मी जरा खोकून म्हणालो, "मावशी, शिरगावची चढण करून बघायची आहे. जमेल की नाही सांगता येत नाही." ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. मी काय करतोय हे तिला कळलं असावं, पण तिनं तोंडावर काही दिसू दिलं नाही. "कठीण आसा ती चढण," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून घरात खटपट सुरू झाली. सुमामावशीसाठी लोणचं, सुमामावशीसाठी कोकम, सुमामावशीसाठी जुनं लुगडं. निघायच्या सकाळी तिनं तीन उंडे खाल्ले. "कामाचे आसत, हौसेचे नाय," असं आईला बजावलं.

कोलवाळ, थिवी, अस्नोडा करत शिरगाव आलं. चढण समोर उभी राहिली. लाल माती, वर सुटे खडे, मध्ये पाण्यानं कोरलेला चर. आई पुढे, मावशी मागे खुणेवर. "बसलंय! हाण!" मी निघालो. गाडी कण्हत, करकरत चढू लागली. अर्धी चढण झाली असेल. दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं बाहेर आली होती. आमच्या लोकांना दुसऱ्याची अडलेली गाडी दिसली की सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही. "उतरा! उतरा!" सगळे ओरडू लागले. "मागच्या बायेक उतरया! गाडी हलकी करा! कितां वजन तां!"

चरात चाक गेलं, गाडी क्षणभर थांबली, आणि मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मी आरशात बघितलं. मावशी उतरत होती. एरवी पंधरा मिनिटं लागायची त्या बाईला, त्या दिवशी एका दमात बाहेर! ती उतरली आणि म्हशीनं जे नाचायला सुरुवात केली! डगडगडग करत ती मागे सरकली, तिरकी झाली आणि कुणाच्या तरी काजूच्या कुंपणाला टेकून थांबली. आईच्या मांडीवरचं लोणचं आईच्या अंगावर.

मी धावत गेलो. मावशी चढणीच्या मधोमध काठीवर रेलून उभी होती. वर जाता येईना, खाली येता येईना. "का उतरलीस?" मी ओरडलोच. ती माझ्याकडे बघेना. "लोक बगतत रे," ती हळू म्हणाली. "बगतत आणि म्हणतत, एवढी मोठी बायल बसली म्हणान गाडी अडली. माका लाज दिसली." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. मला त्या सगळ्या लोकांचा आणि त्याहून जास्त माझा राग आला. वर, जेमतेम शंभर पावलांवर, सुमामावशी दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि ही इथे रस्त्यात लाजून रडत होती.

"ऐका हो!" मी घरांकडे तोंड करून बोंबललो. कचेरीत माझा आवाज पुढच्या टेबलापर्यंत जात नाही, त्या दिवशी कुठून आला देव जाणे. "ही बसली होती म्हणून गाडी चढत होती! तुम्ही हिला उतरवलंत म्हणून गाडी सरकली! डोळ्यांनी बघितलंत ना? आता या आणि हिला आत बसवायला हात लावा!" एक म्हातारा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "खरां रे. बाय उतरली आणि मगेच गाडी मागे इली." दुसऱ्यानं दुजोरा दिला. बघता बघता गल्लीत चर्चासत्र झालं आणि मावशीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. तिनं डोळे पुसले, काठी उचलली. "आयकलास मगे?" ती त्या सगळ्यांना म्हणाली. "माका काय गंमत म्हणान बसयलां? शिकलेलां पोर आसा तां!" चौघांनी तिला आत बसवलं. पाचवा खूण बघून सांगत होता, "जरा उजवीकडे... हां, मधी!"

गाडी चढली. सबंध गल्ली मागून ओरडत होती. सुमामावशीच्या दारात आम्ही मावशीला बाहेर ओढलं आणि दोघी बहिणी आठ वर्षांनी समोरासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता गळामिठी, आता रडारड. सुमामावशीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बारीक झालंय गो तू." मावशी एकदम हसली, मग हसता हसताच रडली, आणि सुमामावशीच्या चांगल्या हाताला धरून म्हणाली, "तुका दिसना नाय आता." आई लोणच्यानं माखलेल्या साडीत मध्ये उभी राहून दोघींना थोपटत होती.

संध्याकाळी निघायला लागलो तर मावशी उठेना. "मी हय रवतंय," ती म्हणाली. सुमामावशीची सून दिवसभर कामावर, आणि सुमामावशीला खाटेवरून उठताना धरायला भक्कम काहीतरी लागे. खुर्ची सरके, टेबल हले. त्या दुपारी तिनं मावशीच्या खांद्याला धरलं आणि एका झटक्यात उभी राहिली. "मी हलनंय नाय," मावशी अभिमानानं म्हणाली. "हय माझी गरज आसा." "आणि माझी गाडी?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "उतरताना वजन कशाक व्हयां?" रिकाम्या गाडीनं आम्ही खाली आलो.

दुसऱ्याच दिवशी मी मेस्ताकडे गेलो. मावशी शिरगावात राहिली म्हटल्यावर त्यानं पुढे काही विचारलं नाही. जपून ठेवलेले पाटे काढले, झाडले, आणि परत बसवले. पुढच्या स्प्रिंगा नव्या घातल्या. गाडी होती तशी उंच झाली. हंप गुमान पार होऊ लागले आणि व्हिडिओतल्या लोकांना माझी कीव आली असती. पण मला शिरगावला जायचं होतं.

मावशी गेली त्याला आता वर्ष होत आलं. शिरगावातच गेली, दुपारची निजली ती उठली नाही. सुमामावशी अजून म्हणते की उठताना हात आपोआप त्या खांद्याकडे जातो. माझं मन मात्र जातं त्या पहिल्या खेपेकडे, गाडी उंच केल्यानंतरच्या. मी एकटाच गेलो होतो. गाडी कुठेही न अडता, एक खडा न उडवता वर आली आणि दारात बसलेली मावशी बघतच राहिली. मी जीभ चावली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "रिकामीच चढली?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. ती उठून आत गेली.

बराच वेळ ती बाहेर आली नाही. मी चहा पीत, स्वतःला दूषणं देत बसलो. मग ती आली ती ठेवणीतली साडी नेसून. "चल, खय तरी जाऊन येवया," म्हणाली. मी मागचं दार उघडलं. तिनं ते बंद केलं आणि जन्मात पहिल्यांदा पुढे, माझ्या शेजारी बसली. उंच गाडीत तिला चढायला माझा हात लागला, तर तिनं तो मुकाट्यानं धरला. चढण उतरून आम्ही शेतांच्या सपाट रस्त्याला लागलो.

"काय रे," ती समोर बघत म्हणाली, "आता मी उतरलंय, तर गाडी अडतली?"

"नाही."

"चढणीर?"

"चढणीवरही नाही."

"मगे मी कित्याक बसलंय?"

नवी थाप तयार नव्हती, आणि मारावीशीही वाटली नाही. "तू बसलीस की मला बरं वाटतं, मावशी," मी म्हणालो. आमच्या घरात असं कुणी कुणाला म्हणत नाही. माझे कान तापले. मावशीनं तोंड खिडकीकडे वळवलं, चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसला, परत लावला, परत काढून पुसला. बराच रस्ता गेल्यावर ती म्हणाली, "मगे सावकाश चलय. घाई नाय माका."